स्वस्त तांदूळ, पण कोणाच्या चुलीवर?

परदेशी माल खुलेपणाने येऊ दिला की वस्तू स्वस्त होतात व गरिबाचे भले होते, असे सांगण्यात येते. ते खोटे नाही. परंतु बंधुभगिनींनो, धान्य विकत घेणारे घर जसे गरीब असते, तसे विकणारेही असते.

हैती या कॅरिबियन देशाचे उदाहरण घ्या. तेथे आपल्या कॅथलिक बांधवांची संख्या मोठी आहे. आर्तिबोनित नदीचे खोरे हे तेथील भाताचे कोठार. 1980 च्या सुमारास देशाला लागणारा बहुतेक तांदूळ देशातच पिकत असे. 1986 मध्ये हुकूमशाही कोसळल्यावर बाहेरचा तांदूळ शिरू लागला. 1995 मध्ये आयातकर 35 टक्क्यांवरून 3 टक्क्यांवर आणण्यात आला. (तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष आरिस्तीद एके काळी सॅलेशियन धर्मगुरू होते, पण त्यांना सत्ता परत मिळाली ती अमेरिकी फौजेच्या आधाराने.)

अमेरिकेतील शेतकऱ्यामागे यंत्रे व सरकारी अनुदान. हैतीच्या शेतकऱ्याकडे जमिनीचा तुकडा आणि कुदळ. हा सामना कसा व्हायचा? शहरातील मजुराच्या घरी ‘मायामी तांदूळ’ रोज शिजू लागला, हे मान्य केले पाहिजे. मका, ज्वारी, रताळी मात्र ताटातून मागे सरली, आणि सडलेला पांढरा भात त्यांची भरपाई करू शकत नाही. इकडे खोऱ्यात भाव पडला. भाव पडला की शेतकरी आधी लावणी-कापणीची माणसे कमी करतो. ज्याला शेतच नाही त्याची मजुरी अशी बुडाली. अनेकांनी पोर्ट-ओ-प्रिन्सच्या झोपडपट्ट्या गाठल्या.

2008 मध्ये जगभर तांदूळ कडाडला. आता स्वस्त तांदूळही नाही आणि घरचे भातही नाही! दंगली उसळल्या, पंतप्रधानांना पायउतार व्हावे लागले. 1995 साली अमेरिकेचे अध्यक्ष असलेल्या क्लिंटन यांनी 2010 मध्ये तेथील सिनेटच्या समितीपुढे कबूल केले, की या धोरणाचा फायदा त्यांच्या आर्कान्सा राज्यातील काही शेतकऱ्यांना झाला असेल, हैतीला झाला नाही.

व्हिएतनाममध्ये उलटे घडले. 1990 नंतर तेथील सरकारने तांदळाच्या निर्यातीवरील बंधने सैल केली व भाव चढला. जमीन आधीच घरोघर बऱ्यापैकी समान वाटलेली असल्याने तो पैसा लहान शेतकऱ्यापर्यंत पोहोचला. खेड्यांतील पुष्कळ मुलांचे राबणे कमी झाले. शहरात तांदूळ विकत घेणाऱ्या घरांना मात्र तीच भाववाढ सोसावी लागली.