समुद्रगाय रवंथ करत नाही

नगर जिल्ह्यात गोठा नाही असं गाव सापडायचं नाही. गव्हाणीतला कडबा नि मुरघास गाय आधी भराभर गिळते, मग निवांत बसून रवंथ करते. तिच्या पोटाचे कप्पे चार. त्यातल्या कोटीपोटात, शंभर लिटरहून मोठ्या पिंपातच म्हणा, सूक्ष्मजीव चारा आंबवतात. जठररसाची पाळी त्यानंतर येते.

समुद्रात गवत चरणाऱ्या डुगाँगचं, म्हणजेच समुद्रगाईचं, मात्र सगळं उलटं. मन्नार आणि कच्छची आखातं, पाल्कचा उपसागर, अंदमान इथे आढळणारा हा तीन मीटरपर्यंत वाढणारा प्राणी दिवसाला ३० ते ४० किलो समुद्रगवत खातो, तेही जमेल तिथे मुळासकट. रवंथ नाही, कप्पे नाहीत, जठर एकच. मुळांबरोबर वाळूही पोटात जाते. आम्ल स्रवणाऱ्या पेशी जठराच्या भिंतीवर पसरलेल्या नसून बाजूच्या एका ग्रंथीत एकवटलेल्या असतात. वाळूच्या घर्षणापासून त्या त्यामुळेच वाचत असाव्यात.

गवत आंबतं ते शेवटी, मोठ्या आतड्यात. थोराड डुगाँगमध्ये हे आतडं २५ मीटरपर्यंत भरतं, लहान आतड्यापेक्षा कितीतरी लांब. खाल्लेलं बाहेर पडायला सहा-सात दिवस लागतात. समुद्रगवत कोवळं, त्यात काष्ठद्रव्य कमी. एवढा वेळ मुरल्यावर त्याचा बहुतेक भाग पचतो.

ही रचना आहाराने ठरली नाही, घराण्याने ठरली. डुगाँगचं जवळचं नातं हत्तीशी, आणि हत्तीही चारा मागच्या आतड्यातच आंबवतो. याउलट कोकण किनाऱ्यावरचे डॉल्फिन मासे खातात, तरी त्यांच्या जठराला अनेक कप्पे असतात, कारण त्यांचे पूर्वज गाईच्या गोतातले, समखुरी.

डुगाँगच्या अशा पोटाला रोज भरपूर कोवळं गवत लागतं. १९९२मध्ये ऑस्ट्रेलियातल्या हर्वी उपसागरात पूर आणि चक्रीवादळानंतर सुमारे हजार चौरस किलोमीटरचं कुरण गेलं. कित्येक डुगाँग उपासमारीने मेले, काही दूरवर भटकत गेले. तमिळनाडूने सप्टेंबर २०२२मध्ये पाल्कच्या उपसागरातलं ४४८ चौरस किलोमीटर क्षेत्र डुगाँगसाठी राखीव केलं. तिथे जाळ्यांपासून डुगाँगला जपावं लागेल, तितकंच त्याच्या कुरणालाही.