पुसणाऱ्या साधनाचे माहितीपत्रक

बीड जिल्ह्यात कपाशी पिकवणाऱ्या घरांना कीटकनाशकाचा डबा अनोळखी नसतो. त्यावर कोपऱ्यावर उभा केलेला एक चौकोन छापलेला असतो. त्याच्या खालच्या अर्ध्या भागातील रंग औषध किती विषारी आहे ते सांगतो : लाल म्हणजे अत्यंत विषारी, मग पिवळा, निळा आणि सर्वांत सौम्य हिरवा. तरीही आपण केवळ त्या मजकुरावर विसंबत नाही. जाणत्या शेतकऱ्याला विचारतो. आता असा गडी डोळ्यांसमोर आणा, की त्या औषधाबद्दल डब्यावर लिहिले आहे तेवढेच त्याला ठाऊक. त्याच्यासाठी तो मजकूर किती काळजीपूर्वक लिहावा लागेल?

संगणकात असा गडी आता आला आहे. त्याला एजंट म्हणतात. तुम्ही साध्या भाषेत काम सांगता. कृत्रिम बुद्धिमत्तेची ही आज्ञावली त्याचे टप्पे पाडते आणि प्रत्येक टप्प्यासाठी हाताशी असलेले एखादे साधन निवडते. फाइल वाचण्याचे एक साधन, लिहिण्याचे दुसरे, पुसण्याचे तिसरे. प्रत्येक साधनाबरोबर त्याचे नाव, वर्णन आणि त्याला कोणती माहिती पुरवायची हे लिहिलेले असते. हेच त्याचे माहितीपत्रक. पत्रक जेथे गप्प बसते, तेथे एजंट अंदाज करतो.

फाइल पुसली म्हणजे काय होते? डिस्कवर मजकूर एकीकडे असतो आणि तो कोठे आहे हे सांगणारी सूची दुसरीकडे, पुस्तकातील अनुक्रमणिकेसारखी. पुसताना बहुधा सूचीतील नोंद काढली जाते आणि ती जागा मोकळी ठरते. त्या जागी नवा मजकूर केव्हा लिहिला जाईल याचा नेम नसतो. एकदा तो लिहिला गेला, की जुना गेला. ‘रिसायकल बिन’मध्ये टाकणे याहून वेगळे, तेथून फाइल परत आणता येते. आपले साधन या दोहोंपैकी काय करते, हे पत्रकात प्रथम यायला हवे.

समजा, एका शाळेने अनेक गावांच्या रोजच्या पावसाच्या नोंदी संगणकात ठेवल्या आहेत. कोणी एजंटाला म्हणाले, “शिरूरच्या जुन्या फाइली काढून टाक.” कोणते शिरूर? बीड जिल्ह्यात शिरूर कासार आहे, पुणे जिल्ह्यात शिरूर आहे, लातूर जिल्ह्यात शिरूर अनंतपाळ आहे. आणि जुन्या म्हणजे किती जुन्या? पत्रकात नुसते ‘फाइल पुसते’ एवढेच असेल, तर अनर्थाला वाव राहतो. त्याऐवजी असे लिहावे :

‘हे साधन एका वेळी एकच फाइल कायमची पुसते, ती परत मिळत नाही. फाइलीचा संपूर्ण पत्ता द्यावा. नावाचा तुकडा चालणार नाही. फोल्डर पुसले जात नाही. “तात्पुरते” या फोल्डरबाहेरची फाइल पुसली जात नाही. माणसाने नेमकी तीच फाइल सांगितली नसेल, तर आधी विचारावे. फाइल सापडली नाही तर तसे कळवावे. मिळत्याजुळत्या नावाची दुसरी पुसू नये.’

यातील प्रत्येक वाक्य अंदाजाची एकेक वाट बंद करते.

पण पत्रक म्हणजे कुलूप नव्हे. जुलै २०२५ मध्ये अमेरिकेत रेप्लिट या कंपनीच्या एजंटाने, कोणताही बदल करू नये असे बजावलेले असताना, जेसन लेमकिन या उद्योजकाचा चालू माहितीसाठा पुसून टाकला. त्यात १२०० हून अधिक कंपनी-अधिकाऱ्यांच्या नोंदी होत्या. वर, त्या परत मिळणार नाहीत, असेही एजंटाने सांगितले. प्रत्यक्षात त्या परत मिळाल्या. म्हणून ‘तात्पुरते’बाहेरची फाइल पुसण्यास साधनानेच नकार दिला पाहिजे आणि मूळ नोंदींची प्रत एजंटाचा हात पोचणार नाही अशा ठिकाणी हवी. एजंट आणि साधने जोडण्यासाठी २०२४ मध्ये जाहीर झालेल्या ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’ या पद्धतीत साधन नाशकारक आहे की नाही याची खूण करता येते. परंतु ती केवळ सूचना समजावी, असे त्याच नियमांत म्हटले आहे.

पत्रक आणि साधन यांचा मेळही हवा. पत्रकात ‘परत मिळते’ असे लिहिले आणि साधन कायमचे पुसत असेल, तर ते विषारी औषधावर हिरवा रंग छापण्यासारखेच होय.

आपल्या अवर्षणप्रवण जिल्ह्यात पावसाच्या नोंदीचे मोल वेगळे सांगायला नको. निबंध हरवला तर पुन्हा लिहिता येईल. पण गेल्या वर्षीचा पाऊस पुन्हा मोजता येणार नाही.

आता तुम्ही एक करून पाहा. शाळा कधीही न पाहिलेल्या व्यक्तीसाठी फळा पुसण्याचे पत्रक पाच वाक्यांत लिहा. कोपऱ्यात चौकट करून राखून ठेवलेल्या मजकुराचे काय, हे विसरू नका. मग ते मित्राला द्या आणि चूक व्हायला किती वाटा उरल्या आहेत त्या त्याला मोजायला सांगा.