कॅलिफोर्नियांतील गांज्याचें सार्वमत व लहान शेतकरी

अमेरिकेंतील कॅलिफोर्निया राज्यांत कायदा करण्याचा अधिकार केवळ विधिमंडळाकडे नाहीं. १९११ सालापासून तो थेट प्रजेकडेही आहे. ठराविक संख्येच्या मतदारांनीं सह्या करून मसुदा सादर केला, म्हणजे तो निवडणुकीच्या दिवशीं सर्व राज्याच्या मतास टाकावा लागतो. तेथील गांज्याचा प्रश्न याच मार्गानें निकालांत निघाला. १९९६ सालीं औषधापुरती मोकळीक मिळाली. २०१० सालीं हौसेच्या सेवनास मुभा देणारा मसुदा लोकांनीं फेटाळला. आणि ८ नोव्हेंबर २०१६ रोजीं तसाच दुसरा मसुदा शेंकडा ५७ मतांनीं मंजूर झाला. एकवीस वर्षांच्या वरील माणसास सुमारें एक औंस गांजा जवळ बाळगण्याची व घरीं सहा झाडें लावण्याची परवानगी मिळाली. दुकानांतील विक्री १ जानेवारी २०१८ पासून सुरू झाली.

गांजा ओढावा कीं न ओढावा, हा प्रस्तुत लेखाचा विषय नव्हे. लेखकाची हयात महसुलाच्या दप्तरांत गेली असल्यामुळें कायदा हातीं येतांच त्याची नजर प्रथम आकारणीच्या कलमाकडे वळते. त्या मसुद्यांत वाळलेल्या फुलांवर औंसामागें ९ डॉलर २५ सेंट, म्हणजे पौंडामागें १४८ डॉलर, असा लागवड कर होता. ग्राहकाकडून शेंकडा १५ प्रमाणें कर घ्यावयाचा तो निराळाच. लागवड कर वजनावर होता, किंमतीवर नव्हे. आरंभीं भाव चढा असल्यानें हा बोजा कोणास जाणवला नाहीं. पुढें माल उदंड झाला व २०२१ सालीं भाव कोसळला. परंतु कराचा दर महागाईशीं बांधलेला असल्यानें तो उतरण्याऐवजीं चढला! अखेर १ जुलै २०२२ पासून तो रद्द झाला. पण तोंवर हम्बोल्ट, मेंडोसिनो व ट्रिनिटी या डोंगराळ परगण्यांतील अनेक लहान शेतकऱ्यांनीं लागवड सोडली होती.

दुसरी गोष्ट क्षेत्राची. पहिलीं पांच वर्षें एक एकरांहून मोठ्या लागवडीस परवाना द्यावयाचा नाहीं, असें मसुद्यांत होतें. या आश्वासनावर विसंबून कित्येक लहान शेतकरी निर्धास्त राहिले. परंतु २०१७ च्या नियमांत एका इसमानें लहान परवाने किती घ्यावे, यास मर्यादाच घातली नाहीं. भांडवलवाल्यांनीं परवान्यावर परवाना रचून मोठमोठे मळे उभे केले. त्यांतच गांवोगांवच्या स्थानिक सभांस दुकानें नाकारण्याचा अधिकार असल्यानें बाजार अरुंद राहिला, व कर चुकविणारा चोरटा माल चालूच राहिला.

आपल्या देशांतही हा विचार नवा नाहीं. १८९३-९४ सालीं नेमलेल्या भांग-गांजा कमिशननें सर्वस्वी बंदीऐवजीं परवाना व कर यांचाच मार्ग सुचविला; त्या काळीं नगर जिल्ह्यांत गांज्याची लागवड होत असे. १९८५ च्या कायद्यानें मात्र गांज्यास मनाई केली. नुसतीं पानें, म्हणजे भांग, तेवढी त्यांतून वगळली. सबब हा लेख वाचून कोणीं बियाणें शोधूं लागूं नये!

परंतु यांतील धडा ऊस, कापूस व कांदा पिकविणाऱ्यांसही लागू आहे. आपली पैसेवारी पाहते ती पिकाची. पीक भरघोस आलें आणि बाजार बसला, तर ती मुकीच राहते. शेतकऱ्याच्या नांवानें कांहींही कायदा पुढें आला, तर सभासद बंधूंनीं तीन गोष्टी अवश्य विचाराव्या : आकारणी मालावर कीं मिळकतीवर? भाव उतरल्यास दर उतरेल काय? आणि लहान खातेदाराचें संरक्षण मूळ कायद्यांत आहे कीं मागाहून होणाऱ्या नियमांवर सोडलें आहे? मत एका दिवसांत देऊन होतें. आकारणी मात्र दरसाल भरावी लागते.