ताप कुवेतला, चावा लांज्याला

नोव्हेंबर महिना, रात्रीचे साडेदहा. फोनवर लांजा तालुक्यातल्या एका वाडीतली आई होती. "जयभीम सिस्टर, पोराचा ताप उतरत नाय."

मुलगा कुवेतला एसी दुरुस्तीच्या कामाला. रजेवर घरी आला, परत गेला आणि कामावर रुजू झाल्यावर पाचव्या दिवशी थंडी वाजून ताप भरला. मलेरिया तपासला, नाही. डेंग्यू तपासला, नाही. दवाखान्यात इंजेक्शने चालू होती, तरी आठव्या दिवशीही ताप 103. डोके ठणकत होते, डोळे लाल झाले होते आणि आता धापही लागत होती.

आम्ही आईला एकच विचारले, रजेत तो गवतात गेला होता का? "गेला ना. सड्यावर गवत कापायला चार दिवस माझ्याबरोबरच होता."

त्याच्या खोलीतल्या मित्राला आम्ही फोनवर सांगितले, याचे कपडे काढून अंग नीट बघा. काखा, जांघा, कंबरेला पट्टा बसतो ती जागा. मित्र लाजला, मुलगा त्याहून लाजला. शेवटी वॉर्डातल्या मल्याळी नर्सने पाहिले. डाव्या जांघेत विडीचा चटका बसावा तशी काळी खपली होती. दुखत नव्हती, खाजत नव्हती, त्यामुळे त्याला तिचा पत्ताच नव्हता. नर्सने डॉक्टरांना दाखवली, त्याच रात्री डॉक्सीसायक्लीन सुरू झाले आणि दोन दिवसांत ताप उतरला.

हा स्क्रब टायफस. नाव ऐकून पुष्कळजण टायफॉइड समजतात, पण दोघांचा काही संबंध नाही. टायफॉइड दूषित अन्नपाण्यातून होतो. स्क्रब टायफस होतो गोचिडीच्या जातकुळीतल्या माइट नावाच्या अतिसूक्ष्म जिवामुळे. चावते ते फक्त त्याचे पिल्लू, मिलिमीटरच्या पाचव्या हिश्श्याएवढे. गवताच्या पात्यावर ते वाट बघत बसते, उंदीर-घुशींच्या अंगावर चढते, मधे माणूस आला तर माणसाच्या. रोगाचा जंतू माइटच्या अंड्यातून पुढच्या पिढीत जातो, म्हणून गवताच्या एखाद्या पट्ट्यात तो वर्षानुवर्षे टिकून राहतो. जंतूचे नाव ओरिएन्शिया त्सुत्सुगामुशी. नाव जपानी आहे आणि पाठ करायची गरज नाही.

लक्षात ठेवायची ती मुदत. चावल्यापासून ताप यायला सहा ते एकवीस दिवस लागतात. तेवढ्या वेळात रजा संपते, विमान सुटते. चावा लांज्यात, ताप कुवेतमध्ये. तिथला डॉक्टर तिथल्या आजारांचा विचार करतो आणि रुग्ण गवताचे नाव काढत नाही, कारण गवत कापणे ही काय सांगायची गोष्ट आहे, असे त्याला वाटते. उष्ण देशांतल्या प्रवाशांचे आजार म्हटले की गळ्यात कॅमेरा अडकवलेला गोरा पाहुणा डोळ्यापुढे येतो. आमच्या मते आखातातून, जहाजावरून, मुंबईहून घरी येऊन बांधावर उतरणारा आपला माणूस हा त्याच्याइतकाच प्रवासी आहे. पाहुणा हॉटेलात राहतो, हा गोठ्यात शिरतो.

उलट दिशेनेही हेच घडते. आपल्या वाड्यांतून आता थायलंड, श्रीलंकेच्या धम्मसहली निघतात. पाकिस्तानपासून जपानपर्यंत आणि खाली उत्तर ऑस्ट्रेलियापर्यंतचा सगळा पट्टा या आजाराचा आहे. दुसऱ्या महायुद्धात आसाम-ब्रह्मदेशाच्या आघाडीवर याने सैनिकांना लोळवले होते, आणि तेव्हा यावर औषधही नव्हते. आज औषध आहे, स्वस्त आहे आणि सरकारी दवाखान्यात मिळते. तरी माणसे जातात, ती उशिरामुळे. 2018 च्या पावसाळ्यात नागपूर आणि विदर्भात साथ आली तेव्हाही मृत्यू झाले. आपल्या शेजारी गोव्यात, बांबोळीच्या सरकारी मेडिकल कॉलेजात तापाच्या रुग्णांमध्ये हा आजार सापडल्याचा अभ्यास 2012 सालीच प्रसिद्ध झाला आहे.

गोचिडीचा टायफस हा याचाच चुलतभाऊ. कुत्र्याच्या गोचिडीतून होतो, अंगावर लाल पुरळ उठते आणि ते तळहात-तळपायांवरही येते. दक्षिण आफ्रिकेकडे कामाला जाणाऱ्यांना तिथल्या गोचिडीचा वेगळा ताप येतो. या सगळ्यांवर डॉक्सीसायक्लीन चालते. सिंधुदुर्गातला माकडतापही गोचिडीचाच, पण तो विषाणूचा, त्याला हे औषध लागू पडत नाही. म्हणून स्वतःच्या मनाने गोळ्या घेऊ नका.

आता बायकांविषयी. खपली येते ती कपडा घट्ट बसतो तिथे: परकराच्या नाडीखाली, स्तनांखाली, काखेत, जांघेत, कधी केसांत किंवा कानामागे. म्हणजे जिथे पुरुष डॉक्टर बघत नाही आणि बाई दाखवत नाही नेमकी तिथे. कोकणात गवत कापते कोण, भारा डोक्यावर आणते कोण? वॉर्डात असताना आम्हीही कितीतरी तापाच्या बायकांचे फक्त मनगट आणि जीभ पाहिली. आज त्याचे वाईट वाटते. घरातल्या सासू-सुनेने, जावेने, लेकीने दार लावून, उजेडात एकमेकींचे अंग बघावे. पुरुषांनाही हेच लागू. मात्र खपली नाही म्हणून आजार नाही असे नव्हे, पुष्कळांना ती येतच नाही.

पहिल्या आठवड्यात रक्ताची तपासणीही चकवते. वाईल-फेलिक्स ही जुनी, स्वस्त तपासणी अनेक रुग्ण निसटू देते. आयजीएम एलायझा बरी, पण तीही सुरुवातीला निगेटिव्ह येऊ शकते. म्हणून संशय असेल तर रिपोर्टची वाट न पाहता उपचार सुरू करतात. पेनिसिलीन आणि त्याच्या जातीची इंजेक्शने यावर चालत नाहीत. गरोदर बाईला ॲझिथ्रोमायसीन देतात. फुप्फुस, मूत्रपिंड, मेंदूपर्यंत आजार गेला असेल तर दोन्ही औषधे शिरेतून एकत्र दिल्याने जास्त फायदा होतो, हे वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या पुढाकाराने झालेल्या भारतातल्याच मोठ्या अभ्यासात 2023 साली दिसले.

गवतात जाताना पूर्ण बाह्या, पायात गमबूट. भाकरी खायला थेट गवतावर न बसता प्लास्टिकचा कागद अंथरा, काढलेले कपडे गवतावर टाकू नका. घरी आल्यावर लगेच साबणाने आंघोळ आणि ते कपडे गरम पाण्यात. रजा संपवून जाणाऱ्याने पासपोर्टात एक चिठ्ठी ठेवावी, "अमुक तारखेला गवतात काम केले". तीन आठवड्यांत ताप आला तर तीच डॉक्टरांपुढे धरायची.

डॉक्टरांनी डॉक्सीसायक्लीन लिहून दिले तर जेवणानंतर पेलाभर पाण्याबरोबर घ्या, दुधाबरोबर नको. गोळी घेऊन लगेच आडवे होऊ नका, घशाखाली जळजळते. दोन दिवसांत बरे वाटले तरी दिलेले दिवस पूर्ण करा.