मुंढ्यापासून मुंढ्यापर्यंत

छातीचं माप घेताना टेप अंगाभोवती एक फेरी मारतो आणि एकच आकडा हातात देतो. ३६. त्यातले पुढे किती आणि पाठीकडे किती, हे त्या आकड्यात कुठेच नसतं. शेजारी शेजारी उभ्या असलेल्या दोन बायका दोघीही ३६ च्या असू शकतात. एकीची छाती भरलेली आणि पाठ निमुळती, तर दुसरीची पाठ पसरट आणि पुढचा भाग बेताचा. दोघींना एकाच मापाचा ब्लाउज घातला, तर एकीला पुढे काचेल आणि दुसरीला मागे.

मी त्या दुसरीसारखी. कॉलेजात असताना बरीच वर्षं पोहले, त्यामुळे खांदे आणि पाठ दोन्ही भरली. तेव्हापासून माझे ब्लाउज एकाच जागी उसवत आले आहेत: पाठीकडून, मुंढ्याच्या शिवणीत, काखेच्या जरा वर. वरच्या फळीवरचा डबा काढायला हात पुढे केला की टर्र. दर वेळी शिवणाऱ्याने बगलेची शिवण उसवून आतली माया सोडली. ब्लाउज छातीत सैल झाला, पुढे चुण्या पडायला लागल्या, आणि मुंढा पुन्हा त्याच जागी फाटला.

तसं होणारच होतं. माया असते बगलेत, काखेच्या खाली. पाठ मात्र तंग होते काखेच्या वर, दोन मुंढ्यांच्या मध्ये, आणि तिथलं कापड मुंढा कापतानाच कात्रीने उडवलेलं असतं. हात पुढे केले की खांद्याची पाती एकमेकांपासून दूर सरकतात आणि पाठीची रुंदी वाढते. कातडी ताणली जाते, विणलेलं सुती कापड ताणलं जात नाही. मग पाठीवर एका बाहीपासून दुसऱ्या बाहीपर्यंत आडव्या रेघा उठतात. आपली पाठ रुंद आहे का, हे आरशापेक्षा त्या रेघा खात्रीने सांगतात.

तयार कागदी पॅटर्नमध्ये ही अडचण मुळापासून आहे. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात, स्टर्लिंग गावी, एबेनेझर बटरिक नावाच्या शिंप्याने १८६३ मध्ये वेगवेगळ्या मापांचे कागदी पॅटर्न विकायला काढले. त्याआधी मासिकांतून येणारे पॅटर्न एकाच मापाचे असत, ते आपापल्या अंगाप्रमाणे लहानमोठे करून घ्यावे लागत. बटरिकने घरी शिवणाऱ्या लाखो हातांचं काम हलकं केलं, त्याचं मोल मोठंच आहे. पण मापांची ती शिडी एका मधल्या अंगावरून ठरावीक टप्प्यांनी वरखाली जाते. छाती वाढली की पाठही त्याच हिशेबाने वाढली असेल, असं ती धरून चालते. माणसं तशी वाढत नाहीत.

म्हणून पाठीचं माप वेगळं घ्यायचं. मानेच्या मणक्याखाली साधारण ४ इंचांवर, हात सैल सोडून, एका हाताच्या घडीपासून दुसऱ्या हाताच्या घडीपर्यंत. समजा, १४½ इंच आलं. हालचालीसाठी ½ इंच धरला की १५, म्हणजे निम्मं ७½. पॅटर्नच्या मागच्या भागावर त्याच उंचीला, पाठीच्या मध्यापासून मुंढ्याच्या शिवणरेषेपर्यंत ७ इंच भरले, तर प्रत्येक बाजूला ½ इंच, म्हणजे ४ सूत कमी आहेत.

ते ४ सूत बाहेरून जोडायचे नाहीत. मुंढ्याला नुसती पट्टी लावली तर मुंढ्याचा आकार बिघडतो आणि बाही बसत नाही. खांद्याच्या मधोमधून उभ्या धाग्याला समांतर रेघ ओढायची, ती काखेच्या इंचभर खाली आणायची आणि तिथून काटकोनात बगलेकडे न्यायची. या रेघेवर कागद कापला की अख्खा मुंढा असलेला तुकडा सुटा होतो. तो सरळ ४ सूत बाहेर सरकवायचा, फटीखाली कागद चिकटवायचा आणि काखेच्या नव्या टोकापासून जुन्या कमरेपर्यंत बगलेची रेघ नव्याने आखायची.

पहिल्यांदा हे केलं तेव्हा मी तो मुंढा टेप उभा धरून तीनदा मोजला. त्याची लांबी सुतानेही बदललेली नव्हती, कारण सगळी गोलाई आहे तशी उचलून पलीकडे ठेवली होती. जुनीच बाही त्यात नेमकी बसली. शिवणकामातली इतकी देखणी युक्ती मला दुसरी माहीत नाही.

मागचा खांदा मात्र पुढच्यापेक्षा ४ सूत लांब होतो. ड्रेसला तिथे तीनेक इंचांचा टक घालता येतो, आणि खांद्याच्या पात्याच्या फुगवट्याला तो हवाच असतो. लोकरीचं कापड वाफेने आटवता येतं. ब्लाउजचा खांदा जेमतेम अडीच-तीन इंचांचा, तिथे टकाला जागा नाही. कमतरता २ सुतांची असेल तर खांद्यावर कागद पूर्ण न कापता तिथे बिजागरीसारखा जोडलेला ठेवायचा आणि तुकडा खालून उघडायचा. वर काही वाढत नाही, खाली उतरत वाढत जातं. पण मुंढ्याच्या मध्यावर उघडलेल्या फटीचा साधारण निम्माच हिस्सा मिळतो, हे धरूनच फट ठेवायची.

अख्खा मुंढा ४ सूत सरकवला की काखेपाशी छातीच्या घेरातही इंचभर वाढ होते. त्यामुळे रुंद पाठीच्या बाईने पॅटर्न निवडताना पुढच्या भागाकडे बघावं आणि बहुतेक वेळा एक माप खाली उतरावं. पोक असलेल्या पाठीचं काम निराळं. तिला रुंदीपेक्षा उंची हवी असते, तिथे कागद आडवा कापून मध्यावर उघडतात. या दोन पाठी एकच समजून केलेले बदल मी पुष्कळ पाहिले आहेत, आणि फुकट गेलेलं कापडही.

पैठणीच्या ब्लाउजपीसवर कात्री लावण्याआधी मांजरपाटावर कापून, टाके घालून बघावं. अंगात घालून सरळ उभं राहण्यात अर्थ नाही. दोन्ही हातांनी स्वतःलाच मिठी मारायची आणि कुणाला तरी पाठीमागे उभं करायचं. मी हे केलं तेव्हा मागे आई होती. ती थोडा वेळ काही बोलली नाही, मग पाठीवरून तळवा आडवा फिरवून म्हणाली, "रेघ नाही गं एकही." मी पॅटर्नच्या कोपऱ्यात पेन्सिलीने 'पाठ + ४ सूत' लिहिलं आणि तो खाकी कागद मशीनमागच्या खिळ्याला अडकवला.