ओळीचा रोख आपल्याकडे

सिंधुदुर्गातल्या इगर्जीत रविवारच्या मिसेला कोणता उतारा वाचायचा, हे तिथले फादर आपल्या मर्जीने ठरवत नाहीत. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, १९६९ मध्ये, तीन वर्षांचं एक कोष्टक तयार झालं. त्यामुळे मालवणात वाचलं जाणारं शुभवर्तमान त्याच रविवारी वसईत आणि रोममध्येही वाचलं जातं. तरीही मीस सुटल्यावर कुणी ना कुणी म्हणतंच, की आजचं वाचन जणू माझ्यासाठीच होतं.

जगभर एकच असलेला मजकूर एकालाच उद्देशून कसा असेल? कोकणात अशा वेळी कौलाची आठवण येते. देवापुढे गाऱ्हाणं घालायचं, प्रश्न विचारायचा आणि मूर्तीला लावलेली पाकळी उजवीकडची पडते की डावीकडची, यावरून होकार-नकार ओळखायचा. डोळे मिटून बायबल उघडायचं आणि बोट पडेल ती ओळ उत्तर मानायची, ही पद्धत ख्रिस्ती जगातही जुनी आहे. मात्र असं भविष्य पाहण्याला ५०६ साली दक्षिण फ्रान्समधल्या आग्द इथल्या धर्मसभेने मनाई केली. ज्यांच्या आयुष्यात एखादा उतारा खरोखर निर्णायक ठरला, त्यांच्या हकिगती पाहिल्या तर वेगळंच दिसतं. त्यांच्या प्रश्नाला सोयीचं उत्तर मिळालं नाही. उताऱ्यानेच त्यांच्याकडे काही मागितलं.

संत ऑगस्टीनचं उदाहरण प्रसिद्ध आहे. ३८६ मध्ये मिलानच्या एका बागेत त्याने संत पौलाचं पत्र उघडलं आणि नजर पडली तिथून वाचलं. ती ओळ भोगविलास सोडायला सांगत होती. पुढच्याच ईस्टरला त्याने बाप्तिस्मा घेतला.

मराठीतली दोन उदाहरणं त्याहून जवळची. कवी नारायण वामन टिळक मूळचे कोकणातले, दापोलीकडच्या करजगावचे. १८९३ मध्ये ते नागपूरहून राजनांदगावला रेल्वेने निघाले होते. डब्यातल्या एका युरोपियन प्रवाशाशी संस्कृत काव्यावर गप्पा रंगल्या आणि उतरताना त्याने त्यांना नवा करार भेट दिला. टिळक वाचत वाचत मत्तयच्या शुभवर्तमानातल्या डोंगरावरच्या प्रवचनापर्यंत आले आणि तिथून त्यांना पुस्तक सोडवेना. तरी निर्णय काही एका रात्रीत झाला नाही. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्याची किंमत म्हणून पत्नी लक्ष्मीबाईंपासून ते काही वर्षं दुरावले. त्या ताटातुटीची कहाणी लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’मुळे घराघरांत पोहोचली.

पंडिता रमाबाईंची वाट आणखी वळणाची. इंग्लंडमध्ये वाँटेजच्या धर्मभगिनींनी त्यांना लंडनमधल्या फुलहॅम इथला आश्रम दाखवला. समाजाने ‘पतित’ ठरवलेल्या स्त्रियांना तिथे माणुसकीने वागवलं जात होतं. हे कशासाठी, असं विचारल्यावर एका भगिनीने योहानच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय वाचून दाखवला: विहिरीवर पाण्याला आलेली शमरोनी बाई आणि तिच्याशी बोलत बसलेला येशू. रमाबाई हेलावल्या. १८८३ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला, आणि पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये अशाच स्त्रियांसाठी ‘कृपासदन’ उभं केलं.

कॅथॉलिक परंपरेत अशा वाचनाची एक शिस्तही आहे. बाराव्या शतकात ग्विगो नावाच्या कार्थुसियन मठवासीयाने तिच्या चार पायऱ्या सांगितल्या: वाचन, मनन, प्रार्थना आणि चिंतन. छोटासाच उतारा घ्यायचा, सावकाश वाचायचा, एखादा शब्द मनात रुतला की तिथे थांबायचं. शतकानुशतकं ही रीत प्रामुख्याने मठांतच राहिली. १९६५ मध्ये व्हॅटिकन परिषदेने सर्वच भाविकांना नियमित बायबल वाचायला सांगितलं आणि लॅटिनऐवजी लोकभाषेतल्या मिसेमुळे वचन कानावर थेट पडू लागलं. पुणे धर्मप्रांतातून वेगळा होऊन २००५ मध्ये स्थापन झालेला सिंधुदुर्ग धर्मप्रांत या बदलानंतरचाच.

लोकभाषेत वचन ऐकणं कोकणपट्टीला अगदी नवं मात्र नव्हतं. इंग्लंडहून गोव्यात आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांचं ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रायतूरला छापलं गेलं. सुमारे अकरा हजार मराठी ओव्यांत सांगितलेली ही बायबलकथा गोव्यातल्या चर्चांमधून वाचली जाई.

देव आपल्याशी बोलला, असं वाटणं फसवंही असू शकतं. मनात आधीच ठरलेली गोष्टच माणूस ओळीत शोधतो. म्हणून जाणते मार्गदर्शक काही कसोट्या लावायला सांगतात. मागचा-पुढचा संदर्भ वाचावा, विश्वासातल्या माणसांशी बोलावं, घाई करू नये. सोळाव्या शतकात संत इग्नेशियसने तर मनाच्या हालचालींवर दीर्घकाळ लक्ष ठेवण्याची पद्धतच घालून दिली. पहिला आवेश ओसरल्यावर शांती आणि प्रेम टिकतं का, की फक्त अस्वस्थता आणि अहंकार उरतो, हे त्यात पाहिलं जातं.

रमाबाईंनी तर या अनुभवासाठी इतरांची वाट सोपी करायला घेतली. प्रचलित मराठी बायबल साध्यासुध्या बायकांना कळायला जड जातं, असं त्यांना वाटे. त्यासाठी त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि मूळ भाषांतून भाषांतराला बसल्या. हे काम अनेक वर्षं चाललं. एप्रिल १९२२ मध्ये त्यांचं निधन झालं. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये प्रकाशित झालं, तेही मुक्ती मिशनच्याच छापखान्यातून, जिथे आश्रमातल्या स्त्रियाच काम करत.