बाँडवर केस मिटत नाही

वकिली घनसावंगीच्या कोर्टात, पण घर कुंभार पिंपळगावात. त्यामुळे निम्मा सल्ला बाजारात उभ्या-उभ्याच द्यावा लागतो. ‘वकीलसाहेब, मिटलं आमचं,’ म्हणत कुणीतरी खिशातून घडी घातलेला बाँड काढतो. नोटरीचा शिक्का, पंचांच्या सह्या, पैशांचा आकडा आणि शेवटी मुलीची सही: ‘चारशे अठ्ठ्याण्णव मागे घेते.’ पाव्हण्यारावळ्यांनी रात्र जागून केलेली तडजोड. तरी पुढच्या तारखेला सासू, दीर आणि लग्न होऊन केव्हाच सासरी गेलेली नणंद, सगळ्यांना हजर राहावंच लागेल, हे मलाच सांगावं लागतं.

फिर्याद बाईची असली तरी खटला सरकार चालवतं. आपसात मिटवता येणाऱ्या गुन्ह्यांच्या यादीत 498-अ, म्हणजे सासरच्या छळाचं कलम, नाही. आंध्र प्रदेशाने 2003 मध्ये कोर्टाच्या परवानगीने ती मुभा दिली, आपल्याकडे नाही. (1 जुलै 2024 नंतरच्या छळाला न्याय संहितेचं कलम 85 लागतं, पण गावात आकडा जुनाच चालतो.)

मग वाट उरते छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठाची. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या 482 खाली, आता नागरिक सुरक्षा संहितेच्या 528 खाली अर्ज करून गुन्हा रद्द करून घ्यायचा. बी. एस. जोशी खटल्यात 2003 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा रस्ता मोकळा केला. 2012 च्या ग्यान सिंग निकालाने त्याला कुंपणही घातलं: घरगुती वाद मिटला तर ठीक, खून-बलात्कार तडजोडीत बसत नाहीत. बाईचं शपथपत्र लागतं, आणि ते तिने राजीखुशीने दिलंय ना, याची कोर्ट खात्री करून घेतं.

संमतीने घटस्फोटाचा अर्ज वेगळा, हिंदू विवाह कायद्याच्या कलम 13-ब खाली. त्यातली सहा महिन्यांची थांबणूक 2017 पासून कोर्ट माफ करू शकतं.

खरी ओढाताण पैशांवरून होते. मुलीचा बाप म्हणतो, आधी रक्कम टाका. मुलाचा बाप म्हणतो, आधी केस काढा. दोघांचंही भय खरं असतं. म्हणून मी हप्ते पाडायला लावतो: काही रक्कम घटस्फोटाचा अर्ज दाखल करताना, काही हुकूमनाम्याच्या दिवशी आणि उरलेल्या रकमेचा डीडी खंडपीठात शपथपत्र देताना. सोनं-भांडी कधी, कुणासमोर परत करायची, तेही लिहून घेतो. लाखांवर राजी झालेली माणसं पितळी हंड्यावरून उठून गेलेली पाहिली आहेत.

आणि एक ओळ मी प्रत्येक मसुद्यातून खोडतो: ‘मुलाच्या पोटगीवर हक्क राहणार नाही.’ आईने स्वतःचा हक्क सोडला तरी लेकराचा हक्क तिला सोडता येत नाही.